गोळीचा संपूर्ण कागद

५ नोव्हेंबर १९६१, रविवार
आईच्या अंगात रक्त फार कमी. दवाखान्यातून महिन्याभराच्या लोहाच्या गोळ्या आणल्या. डॉक्टर म्हणाले, रक्त वाढलं तरच रेल्वेत बसवा, दोन डिसेंबरला पुन्हा दाखवा. बायको रंभा बाळंतपणाला माहेरी तुमसरला आहे. आईचं पहिलं नातवंड, त्यामुळे बारशाला तिला नेणारच. डॉक्टर आणखीही काही सांगत होते, पण मी डबीतला कागद वाचत होतो.

६ नोव्हेंबर
डोकं उठलं! मुंगीएवढी अक्षरं, तीही इंग्रजी. गोळी किती नि केव्हा, एवढंच लिहिलंय. ते तर शेंबडं पोरही सांगेल! पथ्याचा एक शब्द नाही. वांगं चालतं का? चिंच? गावचा वैद्य पुडी एक द्यायचा नि पथ्यं पंचवीस. आमच्या पोलादाच्या मिलमध्ये एका क्रेनसोबत दोनशे पानी पुस्तक येतं, त्याच्या प्रती मीच टाईप करतो. माणसाच्या पोटाला मात्र बोटभर चिठ्ठी. कंपनीला खरमरीत पत्र लिहिणार. उद्याच.

९ नोव्हेंबर
पत्र राहिलं. हेडक्लार्कने मान वर करू दिली नाही. शिवाय कंपनी काय सुधारणार? संपूर्ण कागद मीच लिहितो, मराठीत. कंपनीचा ट्रंकेत टाकला.

१२ नोव्हेंबर, रात्री ९
झाला! ४१ कलमं. वांगं, चिंच, दही, पपई, अंबाडी बंद. उकिडवं बसू नये. वैद्याचं आठवलं तेवढं घेतलं, उरलेलं क्रेनच्या पुस्तकातून. कलम ३८ : थरथर जाणवल्यास काम तत्काळ थांबवावे. आईला वाचता येत नाही, म्हणून रोज ड्यूटीवर जाण्याआधी मोठ्याने वाचणार.

१५ नोव्हेंबर
आई हात जोडून ऐकते. असा पेशंट मिळायला भाग्य लागतं.

१९ नोव्हेंबर
तार. मुलगा झाला! बारसं ३ डिसेंबरला. आई नळावरून येताना दोनदा खाली बसली. औषध आतून काम करत असणार. शेजारच्या बेबीताई अंबाडीची भाजी घेऊन आल्या. त्यांना पहिली नऊ कलमं वाचून दाखवली. म्हणाल्या, मायले काहून उपाशी मारून राहिले, भाऊ? अज्ञान. दुसरं काय!

२६ नोव्हेंबर
आई पांढरीफटक दिसते. पथ्य कमी पडतंय. सहा कलमं वाढवली.

२ डिसेंबर, शनिवार
रक्त आणखी उतरलं. मी टेबलावर हात आपटला. म्हणालो, औषध बोगस, कंपनीचा कागद अर्धवट. डॉक्टरांनी शांतपणे डबी उघडली. एकही गोळी कमी नव्हती.

डॉक्टरांनी आईला विचारलं. ती म्हणाली, माहा शालिक रोज कागद वाचते, पन गोळी कधी खाची ते त्याच्यात येतच नाई. मले वाटलं, पथ्य पुरं झालं का मंग सांगन तो.

सत्तेचाळीस कलमं तिथेच चाळली. नव्हतं.

रेल्वेची परवानगी नाही.

३ डिसेंबर
तिकडे आत्ता नाव ठेवत असतील. काय ठेवलं, ते पत्रातून कळेल. माझ्या मुलाचं नाव आई पोस्टमनकडून ऐकणार, माझ्यामुळे.

तिला वरणभात वाढला. जेवण झाल्यावर म्हटलं, आता एक गोळी घे. तिने घेतली आणि हात जोडून बसली. म्हणाली, पुढचं वाच.

म्हटलं, पुढे काही नाही, आई. एवढंच होतं.