हिच्या लॅपटॉपसाठी एसएसडी

५ फेब्रुवारी
आज यादीतल्या दोन एसएसडी रद्द! एक वाजवीपेक्षा जास्त तापते, दुसरीच्या हमीत इतक्या अटी की हमी कसली ती कळेना. उरल्या पाच. जुन्या संथ डिस्कवर हिचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा होतो, पिऊन होतो, कपही विसळून होतात. ही पुस्तकांची मुखपृष्ठं करते, एकेक फाइल हत्तीएवढी. घर सध्या हिच्याच कामावर चाललंय. माझी नोकरी गेल्यापासून मी नुसता घरात असतो. निदान ही एक गोष्ट तरी मी चोख करणार.

६ फेब्रुवारी
खोक्यावर छापलेला वेग म्हणजे निवडणुकीतलं आश्वासन! सुरुवातीला सुसाट, मोठी फाइल टाकली की अर्ध्यातच रांगायला लागते. हे कोणी छापत नाही. मी शोधून काढलं!

८ फेब्रुवारी
दुकानदार वैतागला. "साहेब, लग्न करताना तरी एवढं बघितलं होतं का?" म्हणालो, "नाही ना, म्हणून तर आता बघतोय." घरी येऊन हिला सांगितलं. पोट धरून हसली. किती दिवसांनी!

१० फेब्रुवारी
ही लॅपटॉपबद्दल कुरकुरत नाही हल्ली. बिचारी, सोसतेय.

११ फेब्रुवारी
आईचा फोन. "घेऊन टाक रे एकदाची. बोटाएवढी वस्तू, आणि कीस किती पाडशील!" चिडलो. मग वाटलं — खरंच, का घेत नाहीये मी? घेतली की संपलं. मग दिवसभर करायचं काय? पुन्हा नोकरीचे अर्ज, पुन्हा कुणाचं उत्तर नाही. भीती वाटते मला. इथे निदान आकडे तरी उत्तर देतात.

१३ फेब्रुवारी
मागवली! हिला सांगितलं, तर म्हणते, "घाई कशाला? अजून थोडं बघ ना." कमाल आहे! काम कुणाचं अडलंय?

१५ फेब्रुवारी
पार्सल आलं. ही प्रकाशकाकडे गेलेली. स्क्रू काढले, झाकण उचललं — आत नवीकोरी एसएसडी आधीच बसवलेली!
ही आली तेव्हा लॅपटॉप टेबलावर तसाच उघडा. "मागच्याच आठवड्यात बसवून घेतली. मुखपृष्ठ द्यायचं होतं, थांबता येईना." मग मला का नाही सांगितलंस? ही टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागली. मला वेड्यात काढलंस, म्हणालो. आणखीही बरंच बोललो. जेवलो नाही.

१६ फेब्रुवारी
आज बोलली. माझ्याकडे न बघता. "तू सकाळी उठून दाढी करायला लागला होतास रे."