चेरीखालचा भात

बाबा,

जपानला जाऊन आले. तुम्ही सांगायचात तो जपान नव्हे, क्रेनचा आणि गोदीचा, फुलांचा जपान. येऊन आठवडा झाला तरी बॅगा अजून बेडरूममध्ये तशाच पडल्या आहेत आणि त्यांना ओलांडून मी रोज ऑफिसला जाते. तिथे सगळे विचारतात, कसं होतं, सुंदर ना? मी म्हणते, सुंदर. खोटं नाही ते. सुंदर होतंच, फोटोत दिसतं त्याहून जास्त. फक्त मला काही झालं नाही. हे कुणाला सांगितलं तर म्हणतात, दमली असशील, जेट लॅग असेल. सिंगापूरहून एका तासाच्या फरकाला कसला आलाय जेट लॅग? म्हणून म्हटलं तुम्हालाच लिहावं. तुम्ही निदान मध्येच बोलणार नाही.

बुटांची गोष्ट तुम्हाला आठवते का, माहीत नाही. तुम्ही बोटीवरून रजेवर आलेले असायचात आणि घरात दोन-तीन दिवस आईसकट सगळे जरा पाहुण्यासारखे वागायचे. एकदा मी शाळेतून येऊन बूट भिरकावले. एक दारापाशी, एक सोफ्याखाली. तुम्ही पेपर खाली ठेवलात आणि शांतपणे म्हणालात, "बाहेर जा. परत आत ये." मला वाटलं चेष्टा करताय. पण तुम्ही दार लावून घेतलंत. मी पुन्हा आत आल्यावर तुम्ही खाली बसलात, एवढे चीफ इंजिनीयर, आणि माझे बूट जोडीने ठेवून त्यांची तोंडं दाराकडे केलीत. म्हणालात, "आत येताना घाई नसते. जाताना असते. आत्ताच फिरवून ठेवायचे." मग सांगितलंत की जपानच्या गोदीत इंजिन दुरुस्तीला माणसं यायची, ती केबिनच्या दाराशी बूट काढायची आणि असेच फिरवून ठेवायची, काम संपलं की जिथे उभी होती तेवढी जमीन पुसून जायची. "कुणी सांगितलेलं नसतं त्यांना," तुम्ही म्हणालात. तुम्हाला त्या देशाचं एवढंच ठाऊक होतं, बूट आणि पुसलेली जमीन, आणि त्यावर तुम्ही जन्मभर खूश होतात. आई वैतागायची. "तिकडचं कौतुक पुरे, इकडे तुमचा टॉवेल पलंगावर ओला पडलाय." तो मात्र तुम्ही कधी उचलला नाहीत.

आणि तो थर्मास. पांढऱ्यावर गुलाबी फुलांची फांदी असलेला, कोबेहून आणलेला. त्यात चहा ओतायची परवानगी फक्त आईला. मी एकदा विचारलं, अशी फुलं तिथे खरंच असतात? तुम्ही म्हणालात, असतात म्हणे, पण बोट नेमकी कधी ऑक्टोबरात लागते, कधी जानेवारीत, आणि लागली तरी चोवीस तास इंजिनाच्या पोटात. "मी बघितली ती थर्मासवरच." हसून म्हणाला होतात, काही वाईट वाटल्यासारखं नाही. पण मग दरवेळी रजेवर आलात की तेच. रिटायर झालो की एकदा मार्च-एप्रिलमध्ये जायचं, नुसतं प्रवासी म्हणून, हातात पाना नाही.

रिटायर झाल्यावर तुम्ही आलात ते सिंगापूरला, आमच्याकडे, बुकित बातोकच्या या फ्लॅटमध्ये. इथे सगळा ब्लॉक चपला दाराबाहेर काढतो हे पाहून तुम्हाला कोण आनंद झाला होता. येता-जाता शेजारच्या चिनी आंटीच्या सपातासुद्धा फिरवून ठेवायचात. ती बिचारी रोज गोंधळायची. रविवारी आपण ईस्ट कोस्टला जायचो. तुम्ही समुद्राकडे तोंड करून बसायचात आणि नांगरलेल्या बोटी बघून सांगायचात, ही भरलेली, ही रिकामी, हिचं रंगकाम राहिलंय. एकदा कोरडे दिवस गेल्यावर पाऊस पडला आणि रस्त्याकडेची ट्रम्पेटची झाडं एका रात्रीत गुलाबी झाली. लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते. इथे त्याला सिंगापूरचं साकुरा म्हणतात, साकुरा म्हणजे तुमची ती जपानी चेरी. तुम्ही बसच्या खिडकीतून बघत राहिलात. मी म्हटलं, "बाबा, झालं की तुमचं जपान." तुम्ही म्हणालात, "हो ना. तिकीट वाचलं." आणि पुढच्या स्टॉपपर्यंत मान मागे वळलेलीच होती.

त्यानंतर तुम्ही पुण्याला परतलात आणि पावसाळा संपता संपता गेलात. झोपेत. मी पोचले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. दहाव्याला घाटावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या पत्र्यावर ओळीने बसले होते, पण खाली एक उतरेल तर शपथ. गुरुजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिली असेल, कबूल करा. दादा पुढे झाला, आईला सांभाळीन म्हणाला. काका म्हणाला, सोसायटीचं काम मी बघतो. आई म्हणाली, औषधं वेळेवर घेईन. पत्रा हलला नाही. मग काका माझ्याकडे वळला. "जपानची फुलं राहिली त्याची. तू कबूल कर." मी हात जोडून म्हटलं, जाईन, तुमच्या वतीने बघून येईन. तरी नाही. पलीकडे दुसऱ्या घरचे लोक खोळंबले होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो शिवला, आणि आम्ही वडे खायला घरी गेलो. मी तेव्हाही रडले नाही. सगळे म्हणाले, धीराची आहे.

मग वर्षं गेली. कधी लेकीची परीक्षा, कधी ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज, कधी बॉसची रजा माझ्या रजेवर. मध्ये तर विमानंच बंद होती. पितृपंधरवड्यात मी इथे कॉरिडॉरच्या कठड्यावर पान ठेवायचे. कावळा कसला, मैना यायच्या. पुढे आंटीने हळूच सांगितलं, पक्ष्यांना खायला घालू नकोस, दंड होतो. ती स्वतः तिच्या भुतांच्या महिन्यात, म्हणजे त्यांच्या पितृपंधरवड्यात, खाली गवतावर संत्री मांडते, म्हणून बहुधा तिला वाईटही वाटलं असावं. मी पान ठेवणं बंद केलं. तरी ते कबूल केलेलं तसंच होतं. यंदा मी कुणाला न विचारता तिकिटं काढली. मनात धरलं होतं की फुलं बघेन, तिथे तुमचं पान ठेवेन, कावळा शिवेल, आणि मग कदाचित मला रडू येईल. एकदाचं.

तुम्हाला तिथली चेरीची बाग आवडली असती. फुलांपेक्षा माणसं आवडली असती. झाडांखाली निळी ताडपत्री अंथरलेली, त्यावर अख्खी ऑफिसं डबे उघडून बसलेली, आणि ताडपत्रीच्या कडेला बुटांची ओळ. सगळ्यांची तोंडं बाहेर. काही ताडपत्र्यांवर एकेकटाच माणूस. बाकीचे ऑफिस सुटल्यावर येणार म्हणून सकाळपासून जागा धरून बसलेला, आणि त्यात त्याला काही कमीपणा नाही. पाकळ्या गळत होत्या तर झाडायची घाई नाही, पडलेल्यासुद्धा बघायच्या. आपापला कचरा पिशवीत भरून घरी न्यायचा. मी हे सगळं नीट बघत होते, एखाद्या डेमोला बसल्यासारखी. बरोबर आहे, छान आहे, पुढे. हातावर पाकळी पडली, तिच्याकडेही बघितलं. नवरा म्हणाला, "काय गं, आवडलं ना?" मी म्हटलं, "हो, खूप." तो फोटो काढायला पुढे गेला. लेक ड्रिंक आणायला निघाली, जाताना तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, यू ओके ऑर नॉट? फेस सो ब्लँक लाह." मी म्हटलं, ऊन आहे.

दोघं गेल्यावर मी पिशवीतून भाताचा त्रिकोण काढला. स्टेशनजवळच्या दुकानातून घेतला होता, आत खारवलेलं आंबट फळ भरलेलं, आपल्या लोणच्यासारखं. वर गुंडाळलेलं समुद्री शेवाळाचं काळं पान सोलून टाकलं. हाताने जरा गोल केला. हुबेहूब पिंड. झाडाच्या बुंध्याशी टिश्यूवर ठेवला, तुमचं नाव घेतलं आणि मागे सरकले. तिथले कावळे केवढे असतात, बाबा, आपल्या दीडपट, आणि चोच अशी की बघूनच नको वाटावं.

पुढचं मी सगळ्यांना असं सांगितलंय: कावळा फांदीवरून उतरला, पण शेजारच्या ताडपत्रीवरच्या एक आजी धावत आल्या, त्यांनी त्याला हाकललं, भात टिश्यूत गुंडाळून दोन्ही हातांनी मला परत दिला आणि वर वाकून माफी मागितली. जवळच पाटी होती, कावळ्याचं चित्र, त्यावर लाल रेघ. लेक आल्यावर म्हणाली, "आई, हाऊ कॅन यू फीड क्रो! इथेपण कान्ट लाह." नवरा पोट धरून हसला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे परत नाहीच शिवला." मी म्हटलं, नाही ना. ती म्हणाली, "त्यांचं मेलं काय राहिलंय कोण जाणे," आणि मग माझ्या बीपीची चौकशी केली.

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही आणि घरातल्यांना दाखवणार नाही, म्हणून लिहिते. आजी आल्या, हे खरं आहे. पण नंतर आल्या. कावळा उतरला तो सरळ भाताकडे चालत निघाला, कसलेही आढेवेढे नाहीत, घाटावरच्यासारखं नाही. अगदी जवळ आला. मान वाकडी करून त्याने चोच खाली नेली. हा शिवला की संपलं. मग तुमचं काहीच राहिलेलं नाही, मग मी आणि तुम्ही मोकळे. माझ्या हातात छत्री होती. ती मी आपटली. जोरात, ओरडून, मराठीतच, "हाड!" सगळी ताडपत्री माझ्याकडे बघायला लागली. आजींना वाटलं कावळा माझा डबा पळवतोय, म्हणून त्या मदतीला आल्या. त्यांनी भात हातात दिला तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला काहीतरी वाटत होतं. बरं वाटत होतं.

भात मी बाकावर बसून खाल्ला. पिंडाचा भात कुणी खात नाही, माहीत आहे. आतलं फळ फार खारट होतं. तुम्हाला आवडलं असतं.