बाईंचं सर्टिफिकेट

३ मार्च, सकाळी ११.४०
नेमक्या याच मिनिटाला साहेबांनी माझं काम उधळलं. तोवर दिवस झकास होता. खिडकीजवळचं टेबल, वाफाळता चहा, आणि निवृत्तीनंतर पुन्हा हाताला काम! या इस्पितळाच्या नोंदी तीन जोडलेल्या सर्व्हरांवर असतात. वॉर्डातल्या कॉम्प्युटरनं आपलं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, दाखवावं, ते खरं ठरलं तरच आत यावं, अशी व्यवस्था मी लावत होते. जुनी सर्टिफिकेटं रद्द, सगळ्यांना नवी. दोन मशीनं अडली मात्र, साहेबांनी जुनीही चालू ठेवायला लावली. वर सगळ्यांदेखत म्हणाले, आजी, तुम्ही आता स्वेटर विणा. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी मला दार लावून घ्यायला शिकवलं होतं. यांना कुणी काहीच शिकवलेलं दिसत नाही.

५ मार्च
एक जुनं सर्टिफिकेट माझ्याआधी हे काम करणाऱ्या बाईंचं आहे. चहावाल्या मावशी म्हणाल्या, त्या इथंच उपचार घेताना गेल्या. कुणीतरी बाहेरून नोंदीत शिरून औषधाचा डोस बदलला होता. ही तपासणी बसवा म्हणून बाई वर्षभर साहेबांच्या मागे लागल्या होत्या. साहेबांनी हसण्यावारी नेलं.
आज दुपारी बाईंच्या सर्टिफिकेटवरून कुणीतरी आत आलं. कुठल्या मशीनवरून? तो रकाना कोरा.

६ मार्च
रुग्णांच्या नोंदीत साहेबांचं नाव! माणूस समोर धडधाकट, समोसा खातोय. मृत्यूची वेळ — उद्या, ११.४०. नोंद करणारी व्यक्ती — बाई.
ते सर्टिफिकेट मी एका ओळीत रद्द करू शकते. पण जुनी चालू ठेवा, हा साहेबांचाच हुकूम ना? आजी स्वेटर विणतायत.

७ मार्च
गेले. जिन्यात कोसळले. ११.४०.
मला वाईट वाटलं नाही. अजिबात नाही.

१२ मार्च
आज भीती वाटली. बाईंचं रद्द करायला गेले — सर्व्हर मलाच ओळखत नाही. माझंच सर्टिफिकेट रद्द. रद्द करणारी — बाई.
मी तर बाईंच्या बाजूची होते.
नाही. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. साहेबांसारखीच —

१३ मार्च
वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर नवा रुग्ण. माझं नाव. उद्या, सायंकाळी ५.
व्यवस्थापनाला कळवलं — हसले. स्वेटर विणा म्हणाले.
म्हणून व्यवस्थापनाकडेच ही मागणी. माझी नोंद कुणाच्या परवानगीनं झाली? ते सर्टिफिकेट कोण रद्द करणार? उत्तर लेखी हवं. उद्या पाचच्या आत. पाचनंतर दिलंत तर ते वाचायला मी —