घेवड्याच्या वाफ्यातली खडी

नेवाडाचे डोंगर, अमेरिका, ऑगस्ट १९५२

आई, तुझ्या पेयोचा दुरून नमस्कार.

मी बरा आहे, मेंढ्याही अंगानं भरल्यात. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

तू पाठवलेला घेवडा बर्फ वितळताच लावला. वरची माती आपल्याकडच्यासारखीच काळी, पण वीतभर खणलं की नुसती खडी नि दगड. आम्हा मेंढपाळांना शिधा पोचवणारा फर्मिन खेचरावरून आला, तो दगडांचा ढीग बघून हसायलाच लागला. "पेयो, घेवडा लावतोस की किल्ला बांधतोस? ही माती म्हणजे चाळणी. बर्फाचं पाणी एकदा खाली गेलं की उन्हाळाभर थेंब नाही."

तसंच झालं. वेल हातभर चढले आणि वाळले. मला काही विशेष वाटलं नाही.

खणून काढलेले दगड रचत गेलो. वेळ जात नाही म्हणून इथला प्रत्येक मेंढपाळ दगडांचा माणूस रचतो. माझा आता माझ्याएवढा झालाय. तरी रोज उठून त्याचा एखादा दगड बदलतो, स्वस्थ बसवतच नाही.

परवा सहज माझी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, तर माझी कुत्री जाऊन त्याच्या पायाशी बसली. हाक मारली तरी उठली नाही.

फर्मिन गेल्यापासून इथं मला नावानं हाक मारणारं कुणी नाही. उत्तर पाद्रीबाबांकडून लिहून घेशील तेव्हा त्यांना सांग, ओळीओळीला माझं नाव घालायचं.

तुझाच,
पेयो