कुसळासारखी पट्टी

१२ मे, जळगाव
आज पट्टी अकरा वेळा न चुकता वळली. ओला कापूस जवळ नेला की वळते, काढला की सरळ. गवताचं कुसळ भिजलं की पीळ सोडतं, तसंच. ना वीज, ना मोटर. केळीच्या खोडाचा धागा आणि माझी चार वर्षं. माझे पीएच.डी.चे गाइड पा. सर बघून म्हणाले, आपलं काम छान चाललंय. आपलं म्हणे. यांनी कुसळ फक्त पायमोज्यात पाहिलंय.

१५ मे
संशोधनाला पैसे देणाऱ्या समितीसमोरच्या सादरीकरणाचा कागद लागला. नाव सरांचं, खाली त्यांच्या सूनबाईंचं. सूनबाई लॅबमध्ये दोनदा आल्या, दोन्ही वेळा फोटो काढायला. मी विचारलं तर सर म्हणाले, पाहुण्यांचं चहापाणी तू बघ, तुला सगळं माहीत असतं. तळपायाची आग मस्तकात.

१६ मे, धुळे
आईला सांगितलं. "बठ्ठं काम तुनं शे, मंग नाव काबर नही?" सगळं काम माझं, हे तिलाही कळतं. न जेवता उठले.

२० मे, जळगाव
पाहुण्यांना उकडू नये म्हणून सरांनी सकाळीच पाण्याचा मोठा कूलर लावला. पट्ट्या त्याच्यापुढेच मांडायला सांगितल्या. त्या ओल्या हवेत तासाभरात आपणहून वळल्या. आता आणखी ओल दाखवून काय वळणार? तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात सर म्हणाले, तू मागेच थांब. थांबले. गप्प.

अकराला समिती. सरांनी कापूस नेला, पट्टी ढिम्म. फुंकर मारली, ढिम्म. कूलरसमोर घाम फुटला त्यांना. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे काम मुळात हिचं आहे."

चार वर्षांत पहिल्यांदा. समितीतल्या बाईंनी माझं पूर्ण नाव लिहून घेतलं.

२३ मे
समितीतल्या बाईंचा फोन. पट्टी का वळली नाही ते सोमवारपर्यंत लेखी द्या, त्यावर हे संशोधन चालू ठेवायचं की बंद ते ठरेल. मागोमाग सरांचा. माझी चूक झाली असं लिही, मी सांभाळून घेतो. हलकट माणूस.

खरं कारण एका ओळीचं. ते लिहिलं की काम माझंच, हे सिद्ध. आणि माहीत असून मी गप्प बसले, हेही. सरांना बुडवायला गेले आणि पट्टीच बुडवली. तिचा काय दोष होता?

फोन ठेवता ठेवता बाईंनी विचारलं होतं, "त्या खोलीत नेहमी कूलर असतो का?"

मी म्हणाले, बघून सांगते.