गिअरबॉक्सचं तेल बदलावं की बदलू नये

हाउन्सलो,
रविवार, २२ ऑगस्ट १९७६

आदरणीय आयझॅकमामा आणि प्रिय हदासामामी यांना रुबेनचा शालोम. दोघांचे हात लांबूनच हातात घेऊन ओठांना लावतो.

मामा, गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं मलम तुम्ही गुडघा सोडून कंबरेला लावता आणि मग गुडघा दुखतो म्हणता, असं मामीने कळवलंय. (मामी, मी तुझं नाव घ्यायला नको होतं, पण आता शाईने लिहून झालं.) माझी तब्येत उत्तम आहे. इथे यंदा असा उन्हाळा पडलाय की हे इंग्लंड आहे यावर कुणाचा विश्वास बसत नाही. गवत पिवळं झालंय, कौन्सिलने बागेला नळीने पाणी घालायला बंदी केलीय आणि पुरुषमाणसं उघड्या अंगाने बसच्या रांगेत उभी राहतात. दोन महिन्यांत तुमच्या पत्राला उत्तर का नाही दिलं, तेच आता सविस्तर सांगतो. गाडी सुखरूप आहे, मी सुखरूप आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मामीने मधूनच रडायला लागू नये.

माझी गाडी तुम्हाला माहीत आहे. म्हणजे वर्णनाने. पूर्वी ती एका इस्पितळाची ॲम्ब्युलन्स होती. लिलावात मिळाली. विमानतळावरच्या माल-शेडमधली नोकरी सांभाळून मी रविवारी लोकांची घरं हलवतो, त्याला ती फार सोयीची. पोटात दोन कपाटं आडवी मावतात. मैलांचं घड्याळ शेवटच्या आकड्याला जाऊन पुन्हा शून्यावर आलेलं आहे. किती वेळा, ते विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मी भीतीने विचारलं नाही. तिचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे, म्हणजे गिअर आपोआप पडतात, क्लच नाही. आजारी माणसाला हिसके बसू नयेत म्हणून तशी बनवलेली. तुम्ही पत्रात विचारलं होतं की क्लच नाही तर डावा पाय दिवसभर काय करतो. मामा, काही करत नाही. नुसता बसून असतो. पनवेल-पेण रस्त्यावर तुम्ही तीस वर्षं तांदळाची लॉरी हाकलीत, तुम्हाला हे पटणार नाही, पण इथे त्याला प्रगती म्हणतात.

तर मे महिन्यात ती घसरायला लागली. घसरायला म्हणजे रस्त्यावरून नव्हे. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी विचार करत उभी राहायची, मग एकदम मनावर घेऊन निघायची. मी टेरीला दाखवली. टेरीचं आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज आहे. त्याने गिअरबॉक्समधली तेल मोजायची पट्टी काढून नाकाशी धरली आणि म्हणाला, “काळं झालंय, जळका वास येतोय. नवीन असतं तेव्हा लाल असतं.” मी म्हटलं, मग बदलून टाक. तर म्हणाला, अजिबात नाही. एवढ्या चाललेल्या गाडीत आतल्या चकत्या झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. त्या तेलातला कचरा आहे म्हणूनच त्या एकमेकींना धरून आहेत. नवं स्वच्छ तेल घातलंस तर सगळं सैल होईल आणि गाडी इथून हलणार नाही.

हे मी शशिधरला सांगितलं. शशिधर साने म्हणजे माझा पुण्याचा मित्र, इथल्या इस्पितळात डॉक्टर आहे. तो संतापला. म्हणाला, उद्या मी पेशंटला सांगू का, की तुमच्या रक्तात घाण आहे म्हणूनच तुम्ही जिवंत आहात? आजच्या आज बदल. मी त्याच दिवशी जाऊन लाल तेलाचे डबे आणले. मग टेरीची भीती वाटून ते न उघडता गाडीतच ठेवले. मग तुम्हाला पत्र लिहिलं. तुमचं उत्तर आलं, त्यात पहिल्या पानावर लिहिलं होतं की तेल ताबडतोब बदल आणि तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की चालत्या गाडीला हात लावू नये. (मामा, मधलं दुसरं पान दुपारच्या झोपेनंतर लिहिलं असावं.) मी रोज रात्री ठरवायचो, बदलायचं. सकाळी ठरवायचो, राहू दे.

आता यात ईवा कुठे येते ते सांगतो. ईवा पेझारकर आपल्याच लोकांपैकी, अलिबागच्या इस्राएल आळीतली. शशिधरच्या वॉर्डमध्ये नर्स होती. सणाला इथे आपले लोक जमतात तेव्हा ओळख झाली. तिला कॉव्हेंट्रीच्या इस्पितळात बढती मिळाली आणि सामान हलवायचं काम शशिधरने माझ्या गळ्यात घातलं. सामान म्हणजे ट्रंक, शिलाई मशीन, पुस्तकं आणि लोखंडी पलंग. मी तिला म्हणालो, गाडीच्या तेलाचं एकदा ठरू दे, मग लगेच निघू. ती बरं म्हणाली. पुढच्या रविवारी तिने विचारलं, ठरलं का? म्हटलं, अजून दोन्ही बाजू ऐकतोय. असे बरेच रविवार गेले. शेवटी तिने कळवलं की सोमवारी सकाळी तिला कामावर हजर व्हायचंच आहे, तेव्हा या रविवारी तेल बदललेलं असो की नसो, निघायचं.

निघालो. मोटरवेवर लागेपर्यंत ठीक होतं. ऊन असं की डांबराचा वास गाडीत येत होता. ल्यूटनच्या पुढे चढण लागली आणि गाडीने अंग टाकलं. इंजिन ओरडतंय, मी घामाने निथळतोय, आणि शेजारून म्हातारी जोडपी हळू चालणाऱ्या छोट्या गाड्यांतून आम्हाला मागे टाकून जातायत. कशीबशी कडेला घेतली. इंजिन मी बंद केलं नाही, कारण बंद केलं तर ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. आम्ही उभे राहिलो. एक माणूस थांबेना. थांबतील कसे? उन्हाने मी वरून मारलेला निळा रंग पोपडे धरून सुटला होता आणि खालून ॲम्ब्युलन्स हा शब्द स्पष्ट दिसत होता. उलट लोक आदराने बाजूची लेन सोडून लांबून जायचे. मी मनातल्या मनात एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोललो.

शेवटी पोलिसांची गाडी आली. पोलिसाने मागचं दार उघडून पलंग पाहिला आणि विचारलं, पेशंट कुठे आहे? ईवाने शांतपणे बॉनेटकडे बोट दाखवलं. तो हसला, गॅरेजला निरोप देतो म्हणाला आणि गेला. रविवार होता. गॅरेजवाला यायला संध्याकाळ होणार.

मी तिला चकत्या, कचरा, टेरी, शशिधर, तुमचं पहिलं पान आणि तिसरं पान, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तेल बदलायचं की नाही, हा वाद कळला. पण आत तेल आहे किती, हे कुणी पाहिलं का?”

मी म्हटलं, रोज सकाळी पाहतो की. गाडी सुरू करायच्या आधी. भरलेलं असतं.

“थंड असताना? इंजिन बंद असताना?”

“हो. त्या पट्टीवर ‘गरम’ असं कोरलंय, म्हणून मी गरम असताना हात लावत नाही. भाजेल ना.”

मामा, तिने रुमाल काढला. मग म्हणाली, “अहो, ते गरम असताना मोजा असं लिहिलंय. ताप चढलेला असतानाच बघायचा ना?” तिने रुमालात धरून पट्टी ओढली. इंजिन चालूच होतं. पट्टीच्या टोकाला तेलाचा थेंब नाही. बंद गाडीत सगळं तेल खाली जमून पट्टी भिजायची आणि मला वाटायचं, काठोकाठ आहे. कुठूनतरी थोडं थोडं गळत असणार. आणि सगळे मिळून आम्ही दोन महिने जे नव्हतंच ते बदलावं की नाही यावर वाद घालत होतो.

न उघडलेले डबे सीटखालीच होते. तिने वर्तमानपत्राचं नरसाळं वळलं, मी ओतलं, ती मोजत गेली. थोडं घालायचं, थांबायचं, पुन्हा पट्टी. डबे संपत आले तेव्हा मी धीर करून गिअर टाकला आणि गाडी अशी सरळ निघाली, जशी काही झालंच नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की मी स्टिअरिंगलाच थोपटलं.

ईवा खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मला वाटत होतं, तुम्ही मुद्दाम लांबवताय. मी कॉव्हेंट्रीला जाऊ नये म्हणून.”

मी म्हटलं, छे. नंतर म्हटलं, तसंही नाही. मग फलक आला आणि रस्ता चुकू नये म्हणून मी त्याच्याकडे लक्ष दिलं.

परत आल्यावर टेरीने गळती बंद केली आणि अर्धंच तेल बदललं. बाकीचं महिन्याभराने बदलू म्हणाला, म्हणजे म्हाताऱ्या चकत्यांना धक्का बसणार नाही. टेरी म्हणतो, मी बदलू नको म्हणालो होतो तेच खरं, पूर्ण कुठे बदललं? शशिधर म्हणतो, मी बदल म्हणालो होतो तेच खरं. तुमची तर दोन्ही पानं खरी ठरली. गाडी आता लोण्यासारखी चालते. काळजी नसावी.

मलिदा केला. पोहे, नारळ, फळं सगळं मिळालं. नारळ फोडताना शेजारच्या बाईने भिंत ठोकली, बाकी निर्विघ्न पार पडलं.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
रुबेन आष्टमकर

ता. क. मामा, पनवेलहून अलिबागला अजून सकाळची एसटी आहे का? सहज विचारलं.

ता. क. २. सहज नव्हे. अलिबागला ईवाची आई एकटी असते. तुम्ही आणि मामी सवडीने जाऊन बसून आलात, आणि आमच्या रुबेनचं कसं काय, एवढा विषय काढलात तर बरं होईल. मी त्यानंतर तीनदा कॉव्हेंट्रीला जाऊन आलो, सामान काही नव्हतं. ईवाला मी अजून काही विचारलेलं नाही. आधी तिला विचारावं की आधी तिच्या आईला, हे ठरत नाही. शशिधर म्हणतो ताबडतोब, टेरी म्हणतो चाललंय ते बिघडवू नकोस. तुम्हाला काय वाटतं ते एकाच पानात कळवावं.

रविवार, ५ सप्टेंबर

मामा आणि मामी, शालोम. ही मी, ईवा. मागच्या रविवारी आले तेव्हा हे पत्र इथे फायरप्लेसवर होतं. आजही तिथेच आहे. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, म्हणून वाचलं, माफ करावं. टपालात टाकावं की टाकू नये याचा इथे अजून विचार चालू आहे, तो संपायच्या आत मीच टाकून येते. आईला मी रुबेनविषयी कॉव्हेंट्रीला पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी कळवलं होतं. ती तुमची वाट बघते आहे. सकाळची एसटी आहे.