अभिमन नावाचं वळण

जळगाव, १२ एप्रिल १९९७

ति. रुपचंद नानांना, अभिमनचा सोनगीरकडे तोंड करून वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इथे कुंदाच्या लग्नाच्या धांदलीत तुमची बहीण यशोदा जेवायचं विसरते. बाकी बठ्ठं ठीक शे.

नाना, तुमचा निरोप पोचला. "छापील आवतन धाडतात, तर मामाही छापीलच उभा करा म्हणावं!" (निरोप्याने तो भर अंगणात, शेजाऱ्यांसमक्ष सांगितला.) राग रास्त आहे. आपल्यात मुलीच्या मामाचं आवतन मुलीच्या बापाने स्वतःच्या हाताने लिहायचं, हे मला का ठाऊक नाही? पण घडलं काय ते ऐका, आणि ऐकताना थोडं कौतुकही करा.

आमच्या गल्लीतल्या भटूने कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायचं दुकान टाकलंय. शाळेच्या फळ्यावर मी सुविचार लिहायचो, ते अक्षर तो लहानपणापासून बघत आलेला. एक दिवस त्याने माझ्याकडून अख्खी बाराखडी कागदावर लिहून घेतली आणि मशीनमध्ये घातली की! आता कळ दाबली की माझं अक्षर उमटतं. याला फॉन्ट म्हणतात, आणि या फॉन्टचं नाव 'अभिमन' (मी नको म्हटलं होतं, एकदाच म्हटलं). अक्षर स्वभावाने मोकळं. जरा उजवीकडे झुकलेलं, डोक्यावरची रेघ मध्येच सुटलेली, ओसरीवर बसून गप्पा मारल्यासारखं. रावेरच्या केळीच्या खोक्यांवर ते आहे, जावळाच्या आवतनावर आहे, स्टँडवरच्या 'येथे थुंकू नये'वरही आहे (थुंकतात, पण वाचून). फक्त निधनाच्या पत्रकाला चालत नाही. भटूने एकदा लावलं, तर म्हातारा मोठ्या खुशीत गेल्यासारखा वाटला. घरचे काठी घेऊन आले.

तर नाना, तुमचं आवतन मी स्वतः, दौतीतल्या शाईने, हळदकुंकू लावून लिहिलं. त्याच आठवड्यात तुमच्या गावच्या भागाबाईंच्या नातवाची पत्रिका तुमच्या हाती पडली, तीही 'अभिमन'मध्ये छापलेली. तुम्ही दोन्ही शेजारी ठेवलीत, वळण तेच दिसलं, आणि तुम्हाला वाटलं, पाव्हण्याने मामालाही छापीलच टिकवलं! खरं सांगतो, निरोप जिव्हारी लागला. पण तुमच्यासारख्या चिकित्सक माणसालाही फरक सापडला नाही, हे कळून छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण लागेना. भटूला लगेच सांगून आलो.

यशोदा मात्र तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

आपला,
अभिमन

ता.क. खात्री करायची तर आवतनावर ओलं बोट फिरवा. शाई पसरली तर माझी, नाही पसरली तर भटूची.

आणखी एक ता.क. मंगलाष्टकांना पाठीशी मामा नसेल तर बोहल्यावर चढणार नाही, असं कुंदा म्हणून बसली आहे. नाना, हात जोडतो, या.

तिसरा ता.क. (हा माझा नाही, हिने पेन हिसकावलं.) भाऊ, मी यशोदा. हाई मन्हं अक्षर शे. इतलं वाकडं कोन टाकी मशीनमा? पोरले एकच मामा शे. ये.